मधल्या दारासमोरची काचपेटी

दुपारी लाइट गेली की आमच्या गल्लीत घराघरांतून एकदमच ‘गेली!’ असा आवाज यायचा. पंखे थांबायचे, कूलरची घरघर थांबायची आणि माणसं हातात पुठ्ठा घेऊन वारा घालत ओट्यावर येऊन बसायची. परभणीचा ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळाच. अशाच एका दुपारी मी मात्र ओट्यावर न जाता आत माझ्या माशांच्या पेटीपुढे बसून होतो. लाइट नसली की पेटीचा पंप बंद पडायचा, आणि मासे वर येऊन तोंडं उघडायला लागलेत का, हे बघत बसायची मला सवय होती.

त्या शांततेत मला घोरणं ऐकू आलं.

आवाज पेटीच्या मागून येत होता. पेटीमागे एक दार होतं, कायम बंद असलेलं, आणि दारापलीकडे आमचे भाडेकरू राहत. घोरणं खोल होतं, फार दिवसांची झोप एकदम वसूल करणाऱ्या माणसाचं. मी ऐकत राहिलो. थोड्या वेळाने लाइट आली, पंप सुरू झाला आणि वरच्या पेटीतलं पाणी कोपऱ्यातल्या पाइपात उतरायला लागलं. नेहमीचा आवाज सुरू झाला. आधी गुडगुड, मग तहानलेलं जनावर पाणी ओढतं तसा लांबलचक सुर्रर्र, मग क्षणभर काहीच नाही, आणि पुन्हा गुडगुड. पलीकडचं घोरणं तुटलं. कूस बदलल्याची चाहूल लागली, आणि बाईमाणसाचा दबका आवाज आला, “आली वाटतं मेली लाइट.”

सगळी गल्ली लाइट यायची वाट बघायची आणि पलीकडच्या खोलीतला माणूस ती जायची वाट बघत होता.

हे भाडेकरू म्हणजे पेडगाव स्टेशनावरचे धाकटे मास्तर. तिथं क्वार्टर एकच, त्यात मोठे मास्तर राहायचे. त्यामुळे धाकट्यांना रात्रपाळी आणि भाड्याची खोली. संध्याकाळच्या पॅसेंजरने जायचे, सकाळच्या गाडीने यायचे आणि दिवसा झोपायचे. तेव्हा लाइन एकेरी होती. पुढच्या स्टेशनाशी बोलून, लाइन मोकळी आहे याची खात्री करून, ड्रायव्हरच्या हातात टोकन द्यायचं, तेव्हा कुठे गाडी पुढे जायची. त्या खुर्चीतल्या माणसाचा डोळा लागणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

खोली शोधत ते आमच्याकडे आले, त्याआधी गल्लीतल्या बऱ्याच घरांत त्यांना आडनाव विचारलं गेलं होतं, आणि आडनाव कळल्यावर खोली नेमकी कालच गेली होती. ते बौद्ध. विद्यापीठाच्या नावाचा वाद पुन्हा तापायला लागला होता. तो पहिल्यांदा पेटला तेव्हा मी कॉलेजात होतो. खेड्यापाड्यांतून वस्त्या जाळल्याच्या बातम्या येत होत्या आणि मी हॉस्टेलच्या खोलीत कडी लावून परीक्षेचा अभ्यास केला होता. त्याचं ओझं मनात असणारच. मी आडनाव ऐकलं आणि दुसरा प्रश्न न विचारता हो म्हणालो.

आईने विरोध केला नाही. ती म्हणाली, “दे खोली. माणूस सरकारी हाय, भाडं बुडवणार न्हाई. पण मधलं दार पक्कं लाव आन् त्याच्यासमोर कोठी सरकव.”

आमच्या बैठकीतून त्या खोलीत उघडणारं ते दार. त्याला ज्वारीची पत्र्याची कोठी टेकवायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यालाही अर्थ कळणार, आणि त्यांना तर आधी कळणार. मला ते सहन झालं नसतं. पण आईला नाही म्हणायचीही हिंमत नव्हती. तेव्हा मी मधला मार्ग काढला. बरेच दिवस डोक्यात होती ती माशांची पेटी मी नेमकी त्या दारासमोर उभी केली. कोठी लावली असती तर आडोसा दिसला असता, काचपेटी लावली की हौस दिसते. दोन्ही बाजूंना वाईट वाटू न देता काम झालं, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. पेटी उचलून लोखंडी घोडीवर ठेवायला स्वतः मास्तरच आले होते. “लय भारी झालंय सर,” म्हणाले. “आमच्या दारापुढं दरियाच आणला तुमी.”

पेटी तशी साधी नव्हती. हैदराबादला एका नातेवाइकाकडे मी एक पाहिली होती. तिच्यातलं पाणी बदलावं लागत नसे. आमच्याकडे नळ कधीमधी यायचा, त्यामुळे ते मनात बसलं. लोखंडी पट्ट्यांची चौकट, चारी बाजूंना काच, तळाला शहाबादी फरशी. फरशीला फरशीवाल्याकडून भोक पाडून त्यात उभा पाइप बसवला. तो कोपरा काचेच्या आडव्या तुकड्याने वेगळा केला. पेटी भरली की जादा पाणी त्या काचेवरून कोपऱ्यात पडायचं, पाइपातून खालच्या टाकीत जायचं, तिथल्या वाळू-खडीतून गाळलं जायचं, आणि कूलरचा पंप ते परत वर चढवायचा. शाळेत मी विज्ञान शिकवायचो. वक्रनलिकेचा, म्हणजे सायफनचा, धडा मी या पेटीवरूनच समजावून सांगायचो. आवाज आम्हाला सवयीचा झाला होता. शिवाय आमची झोपायची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला.

त्या दुपारी मी बायकोला घोरण्याचं सांगितलं. ती दुपार कलल्यावर ज्वारी निवडायला पलीकडे मास्तरांच्या बायकोकडे, वहिनींकडे, जाऊन बसली आणि परत आली ती गंभीर होऊन.

“त्यांना चार्जशीट मिळालंय,” ती म्हणाली. “ड्यूटीवर डोळा लागला. मालगाडी सिग्नलबाहेर शिट्ट्या मारत उभी राहिली, ड्रायव्हरनं रिपोर्ट केला. पुन्हा असं झालं तर सस्पेंड करतील म्हणे.”

“मग इतके दिवस बोलले का नाहीत?”

“मी तेच विचारलं. तर ती म्हणाली, ‘बोललो असतो तर सर म्हणले असते, तरास होत असंल तर दुसरी खोली बगा. आता या दिवसांत आमाला दुसरी खोली कोण देतंय, ताई?’”

मी तसं कधीच म्हणालो नसतो. पण त्यांनी ते कशावरून ओळखायचं होतं?

मी लगेच पलीकडची कडी वाजवली. मास्तर डोळे चोळत बाहेर आले. मी माफी मागितली. ते म्हणाले, “न्हाई हो सर, आवाज कसला, आमाला तर ऐकूबी येत न्हाई.” मी पुन्हा मागितली. त्यांचे डोळे लाल होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंप बंदच ठेवला. दुपारपर्यंत मासे वर येऊन हवा गिळायला लागले, आणि संध्याकाळी दोन सोनेरी मासे पोट वर करून तरंगत होते. ते मी परसात पुरत असताना वहिनींनी पाहिलं. रात्रपाळीला निघालेले मास्तर माझ्यापाशी आले आणि हात जोडून म्हणाले, “सर, आमच्यापायी जीव घेऊ नका. चालू करा ते.” मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. आता त्यांच्या डोक्यावर माशांचंही ओझं झालं.

मग मी आवाजाच्याच मागे लागलो. शाळेतून आलो की पेटीसमोर बसायचं आणि आवाज कुठून कुठून येतो ते शोधायचं. तो एक नव्हता, तीन होते. पाणी कोपऱ्यात उंचावरून पडायचं, तो धबधब्याचा. पाइपाच्या तोंडाशी पाणी आणि हवा एकाच वेळी आत घुसायला भांडायचे, तो सुर्रर्र. खाली टाकीत धार आदळायची, ती गुडगुड. त्यात पाइप मी पत्र्याच्या पट्टीने दाराच्या चौकटीलाच आवळला होता. म्हणजे सागवानी दार त्या आवाजाचा नगारा झालं होतं आणि मास्तरांचं डोकं त्याच्यापासून हातभर अंतरावर.

आधी पट्टी सोडवून तिच्याखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. पाइपाचं खालचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडेल इतकं लांब केलं. गुडगुड थांबली, पण आता अडकलेली हवा मधूनच ढेकर दिल्यासारखी बाहेर यायची. वरचा उभा पाइप उंच केला, कोपऱ्यातली पातळी वर आली, धबधबा थांबला. राहिला तो सुर्रर्र. त्यासाठी पाइपाच्या तोंडावर दोन एल्बो बसवून ते तोंड खाली वळवलं, म्हणजे पाणी पृष्ठभागाखालून आत जाईल. पण आता तीच माझी वक्रनलिका तयार झाली. पाइप गच्च भरून ओढायचा, कोपरा रिकामा करायचा, आणि शेवटी असा घोट घ्यायचा की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “कोण बुडालं रे?”

एल्बोला वरून हवेसाठी भोक हवं होतं. खिळा तापवून पाडलं. भोक लहान झालं तर घोट, मोठं झालं तर शिट्टी.

प्रत्येक बदलानंतर मी पलीकडे जाऊन विचारायचो, आता लागली का झोप? शेवटी एकदा वहिनी दारातच हसल्या आणि म्हणाल्या, “सर, राग मानू नका. आवाजानं न्हाई, तुमी आवाज थांबला का विचारायला कडी वाजवता, त्यानं जागे होतात हे.”

घरी हे सांगितल्यावर बायको हसली नाही. ती म्हणाली, “अहो, पेटी हलवा ना तिथून. समोरच्या भिंतीला लावा.”

“सगळा पाइप खोलावा लागेल.”

“रोज खोलताच की.”

मी एल्बोला डिंक लावत राहिलो. पेटी हलवली की दार उघडं पडणार होतं, आणि मग आई कोठीचं पुन्हा काढणार होती, आणि मग मला तिच्याशी बोलावं लागणार होतं. बायकोला हे माहीत होतं. म्हणून तिने पुढं काही विचारलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. एखाद्या माणसाची नोकरी धोक्यात असताना मी पाइप कापत बसलो होतो, कारण पाइप कापणं मला जमत होतं.

उपाय सापडला तो औषधाच्या दुकानात. आईसाठी गोळ्या आणायला गेलो असताना काउंटरवर सलाइनची नळी लटकलेली दिसली. तिच्यावर ते लहानसं चाक असतं, थेंब कमी-जास्त करायचं. मी ती विकत घेतली, एल्बोच्या भोकात बसवली आणि चाक फिरवत हवा कमी करत गेलो. एका जागी आवाज एकदम नाहीसा झाला. पाणी उतरत होतं, वर चढत होतं, मासे फिरत होते, आणि खोलीत फक्त पंपाची गुणगुण. मी दाराला कान लावला. पलीकडून घोरणं येत होतं, लाइट असताना. मी यावेळी विचारायला गेलो नाही.

दिवाळीनंतर मास्तरांचा चेहराच बदलला. सकाळी येताना पेपर आणायचे, माझ्याशी दोन शब्द बोलायचे. त्या वर्षीच्या भूकंपापासून आमच्याकडे लोक बारीक हादऱ्यालाही दचकत. मास्तर गमतीने म्हणायचे, “आमच्या भिंतीतला भूकंप तर सरांनी थांबवला.” चार्जशीटचं उत्तर त्यांनी लिहून दिलं होतं. पुढच्या चौकशीपर्यंत ड्यूटी स्वच्छ राहणं एवढंच आता हातात होतं. मी रोज सकाळी चाकाला हात लावून बघायचो. नळीच्या आत पांढरा थर धरायला लागला होता, आमच्या पाण्यातल्या क्षाराचा. तो मला दिसत होता. आवाज येत नव्हता, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

संक्रांतीला विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली आणि गाव दोन तुकड्यांत श्वास घेऊ लागलं. कुठे गुलाल, कुठे बंद दुकानं. शाळेला सुट्टी दिली. एस.टी. थांबली. सेलूला दिलेली माझी बहीण सणाला यायची होती. गाड्या सुरू होत्या, म्हणून ती रात्रीच्या गाडीने निघणार असा निरोप आला. आई सकाळपासून तीळ भाजत होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, “गाड्या चालूच हायेत ना रे?”

मास्तर त्या सकाळी आलेच नाहीत. त्यांना सोडवायला येणारा माणूस पोचला नव्हता. रात्रीवर सकाळचीही ड्यूटी केली आणि दुपारी मालगाडीच्या गार्डच्या डब्यातून आले. रस्त्याने न येता मागच्या बोळातून. चेहरा राखेसारखा झालेला. संध्याकाळी पुन्हा जायचं होतं.

“आज तरी सुट्टी टाका,” मी म्हणालो.

“कोण येणार माझ्या जागी? आन् आजच झोपलो तर बघणारे टपलेलेच हायेत, सर.”

ते आत गेले. मी घरात येऊन पेटीपाशी गेलो. अगदी बारीक, कान देऊन ऐकली तरच कळेल अशी एक सळसळ होती. आज तीही नको, असं मला वाटलं. मी चाक आणखी आवळलं. सळसळ गेली. मग मी ओट्यावर जाऊन बसलो, कारण चौकाकडून घोषणा ऐकू येत होत्या आणि त्या जवळ येतायत का लांब जातायत ते कळत नव्हतं.

मध्ये लाइट गेली आणि आली. मी ऐकलंही असेल. पण माझे कान चौकाकडे होते.

पुढे काय झालं ते मी नंतर पायरीपायरीने जुळवलं. पंप थांबला तेव्हा वरचं बरंच पाणी खाली उतरलं आणि पाइपाचं टोक टाकीत आणखी खोल बुडालं. पाइपात हवा शिरली. लाइट आल्यावर त्या हवेला बाहेर पडायला एकच वाट होती, सलाइनची नळी. ती क्षाराने अर्धी बुजलेली, आणि उरलेली अर्धी मी त्याच दुपारी चाकाने बंद केलेली. हवा अडून बसली, पाणी खाली उतरेना, आणि पंप मात्र टाकीतलं पाणी वर चढवत राहिला. पेटी काठोकाठ भरली आणि मागच्या काचेवरून सांडायला लागली. आवाज अजिबात नाही. पूर्वीची गुडगुड असती तर ती थांबल्याचं मला कळलं असतं.

बायको बाहेर आली. “आत काहीतरी किणकिणतंय हो.”

कोरड्या टाकीत पंप फिरत होता. जमिनीवर पाणी चमकत होतं आणि मधल्या दाराच्या फटीतून सरळ पलीकडे चाललं होतं. ते जमिनीवर गादी टाकून झोपायचे. आमच्याकडे विजेचा बोर्डही खाली घोडीला टेकवलेला होता. मी धावत जाऊन मीटरपाशी मेन स्विच पाडला. मग घोडीमागे हात घालून दाराची कडी सरकवली आणि दार ढकललं.

ते हललं नाही. पुन्हा ढकललं. दाराला पलीकडूनही कडी होती. इतके महिने मी आमच्या बाजूची कडी, कोठी, पेटी यांचाच विचार करत होतो. त्यांनीही रोज आपली कडी लावलेली असेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

मी दार ठोठावलं. जोराने, दोन्ही हातांनी. पलीकडे काहीतरी हललं, आणि मग फरशीवरून घासत घासत काहीतरी जड वस्तू दाराशी आणली गेली. लोखंडी ट्रंक. चौकातून घोषणा येत होत्या, आणि कधीही न उघडणाऱ्या दारावर घरमालक आतून धडका देत होता. त्या दोघांनी काय समजायचं? मला ओरडायचं होतं, ‘मी आहे’, पण त्या शब्दांनी त्यांना धीर येईल की आणखी भीती वाटेल, याचीच मला खात्री वाटेना.

बायकोने मला बाजूला केलं आणि फटीपाशी तोंड नेऊन रोजच्या आवाजात म्हणाली, “अगं, ह्यांची माशाची पेटी सांडलीय. तुझी गादी भिजली असेल बघ. उचल ती आधी.”

मग पलीकडून वहिनींचा आवाज आला, रडवेला आणि चिडलेला, “भिजली न्हाई ताई, पोहायलीय!”

ट्रंक सरकली. कडी निघाली. दार पलीकडे उघडलं आणि पेटीच्या हिरवट पाण्यातून मला मास्तर दिसले. बनियन भिजलेलं, हातात उशी, डोळे सताड. मी बोलायला तोंड उघडलं, तर बायको म्हणाली, “आता माफी नंतर.”

आम्ही दोघांनी, तिकडून त्यांनी आणि इकडून मी, बादल्यांनी पेटी उपसली, मासे घमेल्यात सोडले आणि घोडी ओढून बाजूला केली. दार पूर्ण उघडं झालं. त्यांच्या खोलीत पाय ठेवायला कोरडी जागा नव्हती.

“राहू द्या सर,” मास्तर म्हणाले. “स्टेशनावर जाऊन बाकड्यावर पडतो.”

“बाहेर असं असताना?” वहिनी म्हणाल्या.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला तिळगुळाचा चिकटा. ती उघड्या दाराकडे बघत होती. मी आता तिच्याशी बोलायलाच हवं होतं. शब्द जुळवत होतो तोवर तीच पुढं आली.

“मास्तर, रातच्याला सेलूकडून गाडी येती ती तुमच्या पेडगावावरूनच ना?”

“व्हय आजी.”

“तिथं तुमीच असता?”

“मीच असतो.”

“माझी लेक यायलीय त्या गाडीनं.” आईने थंडी सुरू झाल्यापासून बैठकीत हलवलेल्या स्वतःच्या खाटेकडे हात केला. “बाकड्यावर कुठं झोप लागती? निजा इथं. उठा रे सगळे, बाहेर व्हा.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते खाटेच्या कडेला बसले, मग हळूच आडवे झाले. आईने आपली गोधडी त्यांच्या अंगावर टाकली, हात न लागेल अशी, लांबून. हे मी पाहिलं आणि मास्तरांनीही पाहिलं असणार. तरी ते झोपले. लगेच.

त्यानंतरची दुपार आईने ओट्यावर पहारा देत काढली. हळदी-कुंकवाच्या बायका आल्या, त्यांना तिने पायरीवरच तिळगूळ देऊन वाटेला लावलं. भाजीवाल्याला ओरडू दिलं नाही. कुणी विचारलं, “आत कोण आजारी हाय का?” तर म्हणाली, “न्हाई. रेल्वेचं काम हाय.” घोषणा एकदा आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. मी उठून उभा राहिलो. आई बसूनच राहिली, पण तिने हातातला डबा खाली ठेवला. मग आवाज बाजाराकडे वळला. मी मधूनच आत डोकावत होतो. बायको म्हणाली, “त्यांना उठवून माफी मागाल ना, तर बघा.”

संध्याकाळी ते उठले, तोंड धुतलं, कोरडे कपडे घातले. निघताना आईने कागदात बांधून तिळाचे लाडू दिले. “झोप यायला लागली की एक तोंडात टाका.” मी त्यांना बोळाच्या टोकापर्यंत सोडायला गेलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “जा सर, मासे बघा तुमचे.”

मी परतलो तेव्हा वहिनींची खोली पुसून झाली होती. मधलं दार लागलेलं होतं. थोड्या वेळाने त्यांच्या बाजूची कडी सरकल्याचा आवाज आला. आमच्या बाजूची कडी मी लावली नाही. आईने ते पाहिलं. तिने कोठीचं नाव काढलं नाही.

बहीण आली तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, “पेडगावला गाडी थांबली?”

“थांबली की.”

“मास्तर जागा होता?”

“आई, कोण मास्तर? एक जण मफलर गुंडाळून टोकन द्यायला उभा होता. काहीतरी खात होता.”

आई एवढंच म्हणाली, “हं.”

पुढे चौकशीत मास्तरांना समज देऊन सोडलं. त्यांना क्वार्टर मिळालं तोवर ते आमच्याकडेच राहिले, आणि त्यांच्या बाजूची कडी शेवटपर्यंत लागलेली असायची. मला वाईट वाटायचं. पण ती कडी काढायला सांगायचा हक्क मला नव्हता.

पेटी मी समोरच्या भिंतीला, आईच्या खाटेपाशी उभी केली. नवी नळी बसवली, आणि यावेळी चाक सैल ठेवलं. पहिल्याच दुपारी आई उठून बसली.

“हेच का ते? मास्तरला झोपू देत नव्हतं ते?”

“हेच.”

ती थोडा वेळ ऐकत राहिली. “मेलं, माणूस येडा व्हायचा,” ती म्हणाली. मी चाक जरासं आवळलं. पूर्ण नाही.